बापूची परमिशन

निवृत्त मराठी माणूस परदेशात काय करतो याचे प्रकार ठरलेले आहेत. एक जण मागच्या अंगणात मेथी लावतो आणि ती उगवली की तिचे फोटो चार खंडांतल्या नातेवाइकांना पाठवतो. दुसरा महाराष्ट्र मंडळाच्या घटनेत दुरुस्त्या सुचवतो. तिसरा नातवंडांना मराठी शिकवायला बसतो आणि पाचव्या मिनिटाला स्वतःच इंग्रजीत ओरडतो. माझा आतेभाऊ बापू यांतल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. बापू इंग्लंडातल्या सफोक काउंटीत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, कानांना हेडफोन लावून, हातातली दांडी जमिनीलगत डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत रानातून चालतो. दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती असते. ती बोलली की बापू थांबतो, गुडघे टेकतो आणि उकरतो. निवृत्त झाल्यापासून हेच चाललंय. त्यातून तो अजून श्रीमंत झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नातेवाइकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्याचा जीव तरी शांत होईल.

बापू भूलतज्ज्ञ. पुण्यात शिकून 1970 च्या दशकात तिकडे गेला आणि पुढे तीसेक वर्षं त्याने इंग्रजांना झोपवलं. (“उठवलंही,” असं तो लगेच जोडतो.) ऑपरेशन चालू असताना उशाशी यंत्र टुकटुकत असतं, रक्तातला प्राणवायू घटला की त्याचा सूर उतरतो. सर्जन गोल्फच्या गप्पा मारत असतो, सिस्टर कात्र्या मोजत असते, आणि भूलतज्ज्ञाचा एक कान त्या सुरावर. असा तयार झालेला कान एका शुक्रवारी इस्पितळाने भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवला. घरी त्याला ऐकायला काही उरलं नाही.

“माझं ऐकायला काय हरकत होती?” वहिनी म्हणतात. “पण माझा सूर कधी उतरतच नाही ना, भावोजी. मग यांचं लक्ष कसं जाणार?”

शेवटी लेकीने वाढदिवसाला मेटल डिटेक्टर आणून दिला. आपल्याकडे हे नाव घेतलं की मॉलच्या दारातली चौकट आणि ताटलीत काढून ठेवलेल्या किल्ल्या डोळ्यांपुढे येतात. तिकडे तो हजारो लोकांचा रविवारचा उद्योग आहे. बीबीसीने 2014 मध्ये त्यावर ‘डिटेक्टरिस्ट्स’ नावाची विनोदी मालिकाही काढली. तिच्यात दोन मित्र वर्षानुवर्षं शेतं पालथी घालतात आणि बहुतेक वेळा डब्यांची झाकणं घेऊन परततात. बापूने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि यात विनोदी काय आहे असं लेकीला विचारलं.

यंत्राचं शास्त्र बापू जेवताना सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही. चकतीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होत जमिनीत जातं. खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युतप्रवाह गोल फिरू लागतात आणि त्यांचं उत्तर दुसरं वेटोळं ऐकतं. उत्तर किती रेंगाळत आलं यावरून धातूची जात कळते. लोखंड घोगरं बोलतं, तांबं मोकळ्या गळ्याने, चांदी थेट तारसप्तकात. आणि सोनं? इथे बापू भाताचा घास हातातच धरून थांबतो. बारीकसं सोनं आणि थंड पेयाच्या डब्याची ओढायची कडी, दोघं एकाच पट्टीत गातात. सोनं हवं असेल तर कड्या उकराव्याच लागतात. बापूने त्या इतक्या उकरल्या आहेत की डब्यापासून सुटी होणारी जुनी कडी दिसली की तो न बघताच “सत्तरचं दशक” म्हणून मोकळा होतो. एखाद्या विद्यापीठाने कड्यांचं अध्यासन काढलं तर बापूला मुलाखतही द्यावी लागणार नाही.

भात संपेपर्यंत गाडी इतिहासावर येते. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे रुतलीय ते कळेना, म्हणून टेलिफोनवाला ग्रॅहम बेल धातू हुडकायचं यंत्र घेऊन आला. यंत्र भलतीकडेच गुणगुणत राहिलं. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून त्याने उजवीकडेच शोधू दिलं. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष वारले.

“सर्जनचा हट्ट!” बापू ताकाची वाटी खाली ठेवतो. “आणि पेशंट कशावर झोपलाय हे बघायचं कुणाचं काम? भूलतज्ज्ञाचं. पण विचारतो कोण!”

गारफील्डसाहेबांच्या मरणातून बापूने घेतलेला धडा मात्र व्यवहारी आहे. रानात त्याच्यासोबत जायचं तर अंगावर धातू नको. मी गेलो तेव्हा माझा पट्टा, घड्याळ, किल्ल्या आणि सुपारीची डबी गाडीतच ठेवून घेतली आणि मग एका हाताने विजार सावरत मी ओकच्या झाडांखालून इतिहासाचा मागोवा घेतला. वहिनींना या मोहिमांचं निमंत्रण नसतं. “माझ्या बांगड्यांनी मला वाचवलंय,” असं त्या म्हणतात.

हातात धरून चालवायच्या यंत्राची कथा बापू जरा वेगळ्या आवाजात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की नावाचा पोलिश अधिकारी स्कॉटलंडमध्ये होता. त्याने जमिनीतले सुरुंग हुडकायचं यंत्र तयार केलं आणि पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. 1942 मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात ते कामी आलं. कोसात्स्कीला बदल्यात काय मिळालं? राजाचं आभाराचं पत्र. एवढं सांगून बापू भिंतीवरच्या इस्पितळाच्या घड्याळाकडे बघतो आणि भांडी उचलायला उठतो.

यंत्र पैसे टाकले की मिळतं. परमिशन मिळत नाही. जमिनीच्या मालकाने हो म्हटल्याशिवाय तिथे यंत्र चालवता येत नाही, आणि ज्या जमिनीला मालकाने हो म्हटलंय तिलाच ही मंडळी ‘परमिशन’ म्हणतात. “माझ्याकडे दोन परमिशन आहेत,” असं तिथला माणूस सांगतो तेव्हा त्याचा आवाज हिंजवडीत दोन फ्लॅट असलेल्या माणसासारखा होतो. संरक्षित स्मारकावर परवान्याशिवाय यंत्र नेणं 1979 च्या कायद्याने गुन्हा. सरकारी जंगलं बंद, नॅशनल ट्रस्टच्या जमिनी बंद. रात्री चोरून उकरणारेही आहेत, त्यांना ‘नाइटहॉक’ म्हणतात. त्यांचं नाव निघालं की बापू थेट मराठीत येतो आणि नातवंडांना दुसऱ्या खोलीत पाठवावं लागतं.

राहता राहिले शेतकरी. बापूने आसपासच्या शेतकऱ्यांना छापील पत्रं पाठवली, खाली सगळ्या पदव्या लिहून. एकाचंही उत्तर आलं नाही. मग वहिनींनी डबाभर चकल्या तळल्या आणि त्या डब्यासकट बापूला एका म्हाताऱ्याच्या दारात उभं केलं. म्हाताऱ्याने दारातच एक चकली खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि विचारलं, “तुम्ही हरवलेल्या वस्तू शोधता ना? माझी हातोडी हरवलीय.”

ही त्यांच्याकडची थट्टा आहे. सफोकमधल्या शेतकऱ्यांना हातोडीची गोष्ट सांगावी लागत नाही. याच काउंटीतल्या हॉक्सन गावी नोव्हेंबर 1992 मध्ये एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने एरिक लॉज नावाच्या दोस्ताला, एका निवृत्त माळ्याला, यंत्र घेऊन बोलावलं. हातोडी शोधताना लॉजला आधी रोमन काळातली नाणी लागली, चमचे लागले, सोन्याची साखळी लागली. एवढं बघून त्याने काय करावं? आणखी उकरायचं थांबवून अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्वखात्याची माणसं आली आणि लाकडी पेटीत रचून ठेवलेला ऐवज जसाच्या तसा निघाला: जवळपास 15,000 सोन्या-चांदी-कांस्याची नाणी आणि शिवाय दागिने, चांदीची भांडी. साडेसतरा लाख पौंड बक्षीस ठरलं. हातोडीही सापडली, आणि ब्रिटिश म्युझियमने तीसुद्धा घेतली. उकरायचं थांबवणारा तो माळी बापूच्या देवघरात जवळपास गणपतीच्या शेजारी आहे.

म्हाताऱ्याने तिसऱ्या चकलीला परमिशन दिली. “सोनं सापडलं तर अर्धं माझं. हातोडी सापडली तर सगळी माझी.” बापूने घरी येऊन या कराराचा दोन पानी मसुदा केला. म्हाताऱ्याने त्यावर सही केली आणि चकलीचा तेलकट अंगठाही उमटवला.

त्या म्हाताऱ्याची शेतं होती, पण बापूने मागून घेतलं ते रान. ओक आणि हेझलचं जुनं रान, कडेने मध्ययुगातला मातीचा बांध आणि चर. शेतात नांगर फिरतो, खतं पडतात, वस्तू फुटतात, कुजतात. रानात पडलं ते पडलं तिथेच राहतं. शिवाय बापूचं म्हणणं असं की ज्याला काही पुरून ठेवायचंय तो माणूस उघड्या शेतात पुरेलच कशाला? त्यावर म्हाताऱ्याचं म्हणणं असं की शोधायला परत यायचंय तो माणूस सगळी झाडं सारखी दिसतात तिथे पुरेलच कशाला? दोघांचा हा वाद कुंपणाच्या फाटकावर कोपर टेकवून चालायचा आणि पाऊस आला की तहकूब व्हायचा.

रानात बापूला बघणं हा वेगळा अनुभव आहे. काटेरी ब्लॅकबेरीची जाळी, खाजकुयलीची आठवण करून देणारं नेटल, मुळांचं जाळं, बिज्जूसारख्या बॅजरची बिळं. बॅजरच्या बिळाला हात लावला तर तोही गुन्हा, म्हणून बापू त्याच्यापासून चार हात लांबून, जवळजवळ सोवळ्यात जातो. चकती बोलली. बापूने हात वर केला, म्हणजे मी श्वास रोखायचा. चकती आडवी फिरवली, उभी फिरवली, जागा पक्की केली. मग छोट्या कुदळीने मातीचा तीन बाजूंनी तुकडा कापला आणि चौथ्या बाजूवर तो झाकणासारखा उलटून ठेवला, म्हणजे परत बसवताना मुळं जिवंत राहतात. खिशातून खिशात मावेल एवढं दुसरं यंत्र काढलं आणि खड्ड्यात फिरवलं. ते थरथरलं. त्या वेळी बापूच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

“काय आहे?” मी कुजबुजलो.

“पितळ.” त्याने अंगठ्याने माती पुसली. रुपयाएवढी चकती, मध्ये ठोकल्याची खूण. “बंदुकीच्या काडतुसाचं बूड. व्हिक्टोरियाच्या काळातलं असू शकतं.”

“आणि नसलं तर?”

“तर गेल्या रविवारचं.” त्याने ते पिशवीत टाकलं, मातीचं झाकण परत बसवलं, वर पाचोळा पसरला आणि बुटाने हलकेच दाबला. खड्डा कुठे होता ते मला सांगता आलं नसतं. इस्पितळातही त्याचा हाच लौकिक होता म्हणे: पेशंटला शुद्धीवर आल्यावर बापू कधी भेटला होता हे आठवत नसे.

या उकरण्यातून निघालेला माल ठेवलाय तो वहिनींच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात. मोहरीच्या वाटीत शिशाचे छर्रे. जिऱ्याच्या वाटीत टाचण्या आणि शिंप्यांची अंगुस्तानं. हळदीच्या वाटीत नोकरांच्या गणवेशाची पितळी बटणं, काहींवर अजून घराण्याचं चिन्ह. धण्याच्या वाटीत मस्केट बंदुकीच्या गोळ्या, एकीवर दातांचे व्रण. बापू म्हणतो सैनिकाचे, पुरातत्त्ववाली मुलगी म्हणते डुकराचे. मेथीच्या वाटीत मेंढीच्या गळ्यातली घुंगरं आणि सूत कातायच्या चातीच्या शिशाच्या चकत्या. मिठाच्या वाटीत रोमन नाणी, दोन-तीनच, चणाडाळीएवढी, झिजून झिजून सम्राटाचं नुसतं डोकं उरलेली. मधली वाटी रिकामी. तिच्यावर कागद चिकटवलाय: ‘सोनं’.

त्या मिठाच्या वाटीवरून या घरात एकदा महाभारत झालं. वहिनी दसऱ्याला देवाची उपकरणी घासायला बसल्या होत्या. ओट्यावर बापूने धुवायला ठेवलेलं एक काळपट नाणं दिसलं. त्यांनी समया, निरांजन, ताम्हन आणि त्यांच्यासोबत तेही चिंच-मीठ लावून घासलं. नाणं लखलखीत झालं. त्यावरचा सम्राट कॉन्स्टंटाइन मात्र सोळा आणे निघून गेला. जुन्या नाण्यावरचा तो काळा-हिरवा थर हाच त्याचा जीव, थर गेला की अक्षरं गेली, चेहरा गेला, सगळं गेलं, हे बापूने त्यांना रडवेल्या आवाजात सांगितलं.

“सतराशे वर्षं कुणी घासलं नव्हतं,” वहिनी म्हणाल्या, “म्हणून मी घासलं. माझ्या घरात कळकट भांडं मी ठेवत नाही.”

बापूने ते नाणं काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला दाखवलं. ही मुलगी वयाने बापूच्या लेकीपेक्षा लहान, आणि बापू तिच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखा बसतो. 1997 पासून एक योजना चालते, आता ती ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली आहे. सामान्य लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू हे अधिकारी बघतात, मोजतात, फोटो काढतात, कुठल्या शेतात कुठल्या कोपऱ्यात सापडलं ते टिपतात आणि वस्तू ज्याची त्याला परत करतात. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. शाळेत हजेरीपटावरही ज्याचं नाव नीट लागलं नाही तो बापू आता प्रत्येक बटणाचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. पुण्यात असताना तो स्कूटर घेऊन एकेरी रस्त्यात उलटा शिरायचा, हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. तिने चिंचेचं नाणं दिव्याखाली धरलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हे कशाने केलंत? इतकं स्वच्छ मी कधीच पाहिलेलं नाही.” वहिनी हे वाक्य अजून सांगतात. कौतुक म्हणून.

आणि मग कोरोनर. यातली गंमत कळायला बापूचा धंदा लक्षात ठेवावा लागतो. इंग्लंडात कोरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. टेबलावर पेशंट गेला की त्याचं पत्र येतं, आणि पहिला प्रश्न भूलतज्ज्ञालाच. ते पत्र येऊ नये म्हणून बापूने सगळी नोकरी देव पाण्यात घालून काढली. पण याच कोरोनरकडे मध्ययुगापासून आणखी एक काम आहे: जमिनीत सापडलेलं धन हा खजिना की नाही हे ठरवणं. 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली तर चौदा दिवसांत त्याला कळवायचं. मग चौकशी, मग संग्रहालयाला हवी असेल तर तज्ज्ञ समितीने ठरवलेली किंमत, आणि ती शोधणाऱ्यात आणि जमीनमालकात वाटून. न कळवणाऱ्यांचं काय होतं ते बापू कीर्तनातल्या आख्यानाच्या ठेक्यात सांगतो. 2015 मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला, त्यांनी लपवून विकायला काढला, 2019 मध्ये एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं कैदेची शिक्षा झाली, आणि नाणी बहुतेक अजून बेपत्ता आहेत.

तर बापूला म्हाताऱ्याच्या रानात चांदीचा हूक सापडला. नखाएवढा, सोन्याचा मुलामा थोडा उरलेला, सोळाव्या शतकातला. ट्यूडर काळात बायका झग्याचा घोळ वर धरायला असे हूक लावत. “म्हणजे पदर खोचायची पिन,” वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला. पण कायद्याच्या दृष्टीने ती चांदी होती. चौदा दिवसांची मुदत असताना बापूने दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं आणि मग तो कोरोनरच्या पत्राची वाट बघू लागला. जन्मभर ज्या लखोट्याची धास्ती घेतली त्याच लखोट्यासाठी तो रोज अकरा वाजता पोस्टमनला सामोरा जायचा. वर्ष गेलं. पत्र आलं तेव्हा ते उघडताना त्याचे हात कापत होते, आणि ते आनंदाने की जुन्या सवयीने हे त्यालाही सांगता आलं नाही.

कोरोनरने हूक खजिना असल्याचं जाहीर केलं. संग्रहालयाकडे तसे हूक आधीच होते, त्यांनी नको म्हणून कळवलं. हूक परत आला. करारानुसार बापू म्हाताऱ्याकडे त्याचा अर्धा हिस्सा ठरवायला गेला. “अर्ध्या हुकाने मी काय अडकवू?” म्हातारा म्हणाला आणि हिशेब चकल्यांत मिटवला.

बापूला सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र त्या कायद्यात कुठेच बसत नाही. रानाच्या टोकाला, बांधाच्या आतल्या बाजूला, तांब्याचं एक नाणं निघालं. माती पुसली तर दोन बाजूंना दोन सिंह, मध्ये ढाल, खाली 1835. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा! सफोकमधल्या ओकखाली, सहा इंच खोल, हिंदुस्थानातला पाव आणा! बापूने मला फोन केला तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजून गेले होते. इथे कसा आला असेल? त्याचं उत्तर बापूने तोवर तयारही केलं होतं. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंह 1863 पासून याच काउंटीत एल्व्हेडनला राहत, तिथेच त्यांचं दफन आहे, आणि ते पट्टीचे नेमबाज होते. एके दिवशी ते फेझंटच्या मागे या रानापर्यंत आले असणार, सोबतचा देशी नोकर वाकला असणार, आणि त्याच्या कनवटीचा पाव आणा पडला असणार.

“नोकराचं नाव तेवढं राहिलं,” मी म्हणालो.

“त्याचाच शोध चाललाय,” तो म्हणाला.

फाइंड्स ऑफिसर मुलीने नाणं पाहिलं, हसली, आणि म्हणाली की कंपनीची नाणी अधूनमधून निघतात, महाराजाला बोलावायची गरज नाही. शिवाय 1700 नंतरच्या वस्तू ते सहसा नोंदवत नाहीत. बापूच्या मनाला हे लागलं. डुकराने चावलेली गोळी नोंदली जाते आणि अख्ख्या रानातला एकुलता एक देशी माणूस नोंदला जात नाही! हे नाणं पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी ढिगाने मिळतं आणि घासाघीस केली तर चहाच्या पैशात येतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. तो पाव आणा मधल्या रिकाम्या वाटीत ठेवलाय. ‘सोनं’ लिहिलेला कागद बापूने काढलेला नाही.

आमच्या नातेवाइकांना हे सगळं अर्थातच कळतं ते वेगळंच. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातलं काही किलो सोनं सापडलं आणि त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. ही बातमी कुठल्यातरी पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि त्या दिवसापासून बापूला साताऱ्याकडच्या मूळ गावची आमंत्रणं सुरू झाली. कारण पडलेल्या वाड्याच्या न्हाणीघराखाली पणजोबांनी मोहरांचा हंडा पुरलाय हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हंडा ज्यांनी पुरला त्या पणजोबांनी मुंजीला कर्ज काढलं होतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही.

बापू पुण्यात आला तेव्हा यंत्र आणलं नव्हतं. पुतणे हिरमुसले. एकाने किल्ल्यावर जाऊ असंही सुचवलं. मग बापूने त्यांना ओळीने बसवलं आणि ऐकवलं. संरक्षित किल्ल्यावर कुदळ मारलीस तर तुला सोडवायला मी येणार नाही. आणि न्हाणीघराखाली काही निघालंच, तर आपल्याकडे 1878 चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं.

“दहा रुपये?” धाकटा पुतण्या म्हणाला. “काका, दहा रुपयांत वडापाव येत नाही.”

“म्हणूनच वडापाव कळवायचा नाही,” बापू म्हणाला. “हंडा कळवायचा.”

त्या मुक्कामात तो आम्हाला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला घेऊन गेला. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्य घालवून गावच्या पांढरीतून मिळालेल्या वस्तू जमवल्या आणि पुढे त्यांचं सरकारी संग्रहालय झालं. सातवाहनकाळचे मणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या. पावसाने पांढर धुपली की वस्तू वर येतात, गावकरी उचलून आणून देतात. ना यंत्र, ना बॅटरी, ना हेडफोन. बापू त्या काचांसमोरून हलेना. चौकीदाराने दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा कुठे तो म्हणाला, “या माणसाला परमिशन अख्ख्या गावाची होती.”

त्याची स्वतःची परमिशन मात्र गेली. म्हातारा गेल्या हिवाळ्यात वारला. बापू अंत्ययात्रेला गेला आणि वहिनींनी चकल्या नेल्या. मुलांनी शेत ठेवलं आणि रान एका निसर्गसंस्थेला विकलं. तिच्या जमिनीवर यंत्राला बंदी आहे. संस्थेचं पत्र सभ्य होतं, बापूनेही तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं, आणि रानाचे सगळे टिपलेले नकाशे त्यांना फुकट देऊन टाकले. हातोडी अजून सापडायची आहे, हेही त्यात लिहिलं. सध्या तो मागच्या अंगणात यंत्र फिरवतो. तिथे त्याला वहिनींचा हरवलेला चिमटा सापडला आणि मेथीच्या वाफ्यावरून दोघांत बोलणं बंद आहे.

तर वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत सफोक, नॉरफोक किंवा एसेक्समध्ये एखादा शेतकरी असेल, त्याच्याकडे नांगर न लागलेलं थोडं जुनं रान असेल, आणि त्याला तळलेलं चालत असेल, तर जरूर कळवावं. माणूस सज्जन आहे, कान चांगला आहे, सापडेल त्यातलं अर्धं देतो आणि खड्डा स्वतः बुजवतो.